रिळाच्या पायावरचा शिक्का

कोकणात गळाला आमिष लावून मासे धरायला जाण्याला 'गरवायला जाणं' म्हणतात. लांब दोरी, टोकाला शिशाचं वजन आणि गळ, एवढी गरीची सामग्री. दोरी लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळायची आणि मासा लागला की हातानेच ओढायची. तमिळमध्ये गळाला 'तूंडिल' म्हणतात. चेन्नईतल्या कासिमेडूच्या धक्क्यापासून पुलिकतच्या सरोवरापर्यंत तो आजही असाच, दोरीला बांधून वापरला जातो. काठीवर बसवायचं, मुठीने फिरवायचं आणि मासा पळू लागला की करकर वाजणारं रीळ मात्र या दोन्ही किनाऱ्यांवर बाहेरून आलं. ते साहेबाच्या पेटीतून आलं, आणि साहेब गेला तेव्हा पुष्कळदा इथेच राहिलं.

अशा मागे राहिलेल्या रिळांचं काय झालं? बरीचशी मोडीत गेली, पितळेच्या भावाने वितळली. काही माळ्यावर पडून आहेत. काही अजूनही जुन्या वस्तूंच्या दुकानांत येतात आणि तिथे त्यांना कोणी ओळखत नाही. माझं पहिलं रीळ मी चेन्नईतल्या एका दुकानातून घेतलं, तेव्हा विक्रेत्याने दोन्ही हातांनी पतंग उडवल्याची खूण करून मला त्याचा उपयोग समजावून सांगितला. त्याच्या दृष्टीने ती पतंगाची चक्री होती. मलाही तेव्हा फारसं कळत नव्हतं. पण घरी येऊन पायावरची माती पुसली आणि खाली अक्षरं दिसली, तेव्हापासून हा नाद लागला तो सुटलेला नाही.

चेन्नईतच ही रिळं का सापडावीत? हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवरचं सर्वांत गाजलेलं पुस्तक मद्रास इलाख्यात लिहिलं गेलं. हेन्री सुलिव्हन थॉमस हा मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर होता. त्याचं 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये मंगळूरला छापलं गेलं, आणि १८८१ व १८९७ मध्ये त्याच्या वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या. मधल्या काळात, १८८७ मध्ये, त्याने तळ्यांतल्या मासेमारीवर 'टँक अँगलिंग इन इंडिया' हे वेगळं पुस्तक लिहिलं. महसीर हा मासा झुंजीत स्कॉटलंडच्या सामनलाही मागे टाकतो, असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते वाचून इंग्लंडच्या कारखानदारांनी खास महसीरसाठी काठ्या, रिळं, चमच्याच्या आकाराची आमिषं आणि जाडजूड गळ बनवायला घेतले. महसीरच्या जबड्यात एवढी ताकद असते की सामनसाठी केलेला तिहेरी गळ तो चिरडून टाकतो. म्हणून एखाद्या जुन्या पेटीत नेहमीपेक्षा फार जाड तारेचे गळ सापडले, तर ती पेटी कावेरी, भवानी किंवा तशाच एखाद्या नदीवर जाऊन आलेली असण्याची शक्यता मोठी.

दुसरं कारण निलगिरीचं. तिथल्या थंड ओढ्यांत विलायती ट्राउट मासा रुजवण्याचे प्रयत्न १८६३ पासून चालले होते. मद्रास सैन्यातला डॉक्टर आणि पुढे माशांचा मोठा अभ्यासक झालेला फ्रान्सिस डे हा त्यातला पहिला. त्याला यश आलं नाही. एच. सी. विल्सनने १९०६-०७ च्या सुमारास इंद्रधनुषी ट्राउट आणून अवलांचीला उबवण केंद्र उभं केलं आणि मासा टिकला. मद्रास सरकारचं मत्स्य खातंही त्याच काळातलं, १९०७ सालचं. त्यामुळे चेन्नईत दोन अगदी वेगळ्या जातींची रिळं सापडतात. तीन-साडेतीन इंचांच्या आतलं हलकं रीळ ट्राउटचं, म्हणजे बहुधा उटीहून उतरलेलं. चार इंच आणि त्यावरचं, शंभर-दीडशे यार्ड दोरी पोटात घेणारं रीळ महसीरचं किंवा समुद्राचं. रीळ हातात आलं की पहिली मोजपट्टी काढायची ती यासाठी. माप ताटलीच्या व्यासाचं घ्यायचं, पायाच्या लांबीचं नव्हे.

मळेवाले आणि अधिकारी मायदेशी जायला बोटीवर चढायचे ते मद्रासहून, आणि निघताना सामानाचा लिलाव करायची रीत होती. ते सामान फिरत फिरत मूर मार्केटमध्ये यायचं. सेंट्रल स्टेशनच्या शेजारी १८९८ मध्ये पाया घातलेली आणि १९०० मध्ये उघडलेली ती लाल इमारत म्हणजे मद्रासचं जुनं पुस्तक, जुनं ग्रामोफोन, जुनं सगळं मिळण्याचं ठिकाण. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार एका छपराखाली आणल्यासारखं. ३० मे १९८५ रोजी ती जळाली. पुस्तकवाले आणि इतर काही दुकानदार जवळच्या लिली पाँड संकुलात गेले, इमारतीच्या जागी रेल्वेचं संकुल आलं. त्या आगीत जुन्या वस्तू गेल्याच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे वस्तूंचा माग गेला. कोणतं रीळ कोणाच्या बंगल्यातून आलं हे तोंडी सांगणारी जुनी दुकानदार मंडळी विखुरली. आज इथे जे सापडतं ते बिननावाचं सापडतं, आणि त्याची ओळख त्याच्याच अंगावरून काढावी लागते.

ती कशी काढायची, ते त्या पहिल्या रिळावरच दाखवतो.

चार इंचांचं ॲल्युमिनियमचं रीळ. एका बाजूला बंद ताटली, दुसऱ्या बाजूला फिरतं चाक, त्यावर पिवळसर पांढरी छोटी मूठ. काठीवर बसणारा पाय पितळेचा, आणि त्यावर उभ्या रेघा कोरलेल्या. चाक अडकलेलं होतं. मी ते जोराने फिरवलं नाही, ही त्या दिवशी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट. चाकाच्या मधोमध घोड्याच्या नालाच्या आकाराची एक लहान खीळ होती. सांध्यांत पातळ तेल सोडून रीळ दोन रात्री तसंच ठेवलं, तिसऱ्या दिवशी ती खीळ नखाने सरकली आणि चाक अलगद बाहेर आलं. आत खटका: एक लहान दातेरी चाक, त्याला टेकलेला पोलादी दात आणि मागे स्प्रिंग. रीळ करकरतं ते इथून. ताटलीच्या आतल्या बाजूला, कोणाच्या नजरेस पडणार नाहीत अशी, दोन बारीक इंग्रजी आद्याक्षरं ठोकलेली होती. ती रीळ जुळवणाऱ्या कारागिराची. बाहेर कारखान्याचं नाव, आत माणसाचं. आणि पायाच्या वरच्या बाजूला, माती पुसल्यावर दिसलेलं: हार्डी, ॲनिक, युनिका.

हार्डी ब्रदर्स ही उत्तर इंग्लंडमधल्या ॲनिक गावची पेढी १८७२ मध्ये सुरू झाली. आरंभ बंदुकांच्या दुकानाने, नाव झालं ते काठ्या आणि रिळांमुळे. त्यांचं 'परफेक्ट' १८९० च्या दशकाच्या तोंडावर आलं. चाक आणि चौकट यांच्यामध्ये पोलादी गोळ्यांचं बेअरिंग घालून फिरणारं ते रीळ आजही जमवणाऱ्यांच्या यादीत अगदी वर असतं. 'युनिका' १९०३ पासूनचं, साधं आणि स्वस्त. त्यातही नालाच्या आकाराची खीळ ही जुन्या नगांची खूण. पुढे खीळ बदलली आणि जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरसारखी दिसू लागली. पायही आधी गुळगुळीत पितळेचा होता, मग रेघांचा आला, त्यानंतर मिश्रधातूचा. नालाची खीळ आणि रेघांचा पाय एकत्र दिसले की रीळ साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं ठरतं. एका खुणेवर काळ ठरवू नये, दोन खुणा एकमेकींना भेटल्या की ठरवावा, हा या कामातला मी सर्वांत उपयोगी मानलेला नियम आहे.

नाव कोरलेलं रीळ मिळणं भाग्याचं. बहुतेकांवर नाव नसतं. तेव्हा धातूकडे बघायचं. एकोणिसाव्या शतकातलं सामान्य रीळ पितळेचं किंवा गनमेटलचं. त्यापुढे एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं काळं रबर, ताटल्यांना वापरात आलं. त्याभोवती जर्मन सिल्व्हरची कड असायची. ॲल्युमिनियम आधी चांदीसारखं महाग होतं. १८८६ मध्ये विजेने ते काढण्याची रीत सापडली आणि मग भाव कोसळला. म्हणून ॲल्युमिनियमचं रीळ कोणी १८७० चं म्हणून विकत असेल तर घेऊ नये. बेकलाइट १९०७ नंतरचं. चार फाट्यांचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा, त्यामुळे जुन्या पितळी रिळावर तो दिसला तर कोणीतरी मागाहून दुरुस्ती केलेली आहे.

लाकडी रिळंही येतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराच्या नावाने ओळखली जाणारी ही रिळं अक्रोडाच्या लाकडाची, पाठीवर पितळी पट्टी, कधी चांदणीच्या आकाराची. मद्रासच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि चाक पाठीला घासून बसतं. असं अडकलेलं रीळ उन्हात ठेवून मोकळं करायला जाऊ नये, ते तडकतं. हवा खेळती असलेल्या सावलीत महिनाभर ठेवलं तर पुष्कळदा आपोआप सुटतं.

मग आकडे. हा भाग रुक्ष वाटेल, पण रिळाचं वय सर्वांत खात्रीने सांगतात ते आकडेच. ब्रिटनमध्ये १९१६ पूर्वी पेटंटचे क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू व्हायचे. १९१६ पासून ते १,००,००१ पासून सलग चालू झाले. म्हणजे रिळावर सहा आकडी पेटंट क्रमांक असेल तर ते १९१६ च्या आधीचं असूच शकत नाही. 'आर.डी. नंबर' अशी अक्षरं असतील तर तो नोंदणी केलेल्या आकाराचा क्रमांक. ती मालिका १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली, आणि तिची वर्षवार कोष्टकं छापलेली मिळतात. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. हिंदुस्थानातही मालावरच्या खुणांचा कायदा १८८९ चा आहे. त्यामुळे देशाचं नाव कोरलेलं रीळ साधारण त्यानंतरचं धरायला हरकत नाही. 'ऑक्युपाइड जपान' अशी अक्षरं असतील तर काळ आणखी नेमका ठरतो, कारण अमेरिकी ताबा १९५२ मध्ये संपला.

काही कारखाने तर वर्ष सांकेतिक अक्षरांत लिहून ठेवत. अमेरिकेतल्या कॅलमझू गावच्या शेक्सपिअर कंपनीच्या जुन्या रिळांवर मॉडेलच्या नावापुढे दोन इंग्रजी अक्षरं असतात. के म्हणजे १, जे म्हणजे २, एच ३, जी ४, एफ ५, ई ६, डी ७, सी ८, बी ९ आणि ए म्हणजे शून्य. मधलं आय वगळलेलं, कारण ते एकच्या आकड्यासारखं दिसतं. रिळावर 'जी ई' असेल तर १९४६, 'एच ई' असेल तर १९३६. हे एकदा पाठ झालं की दुकानात उभ्या उभ्या वाचता येतं. स्वीडनच्या आबू कंपनीच्या 'ॲम्बॅसेडर' रिळाच्या पायाखाली सहा आकडे असतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, शेवटचे दोन आवृत्तीचे. ७८०४०२ म्हणजे एप्रिल १९७८. हा आकडा वाचण्यासाठी रीळ काठीवरून उतरवावं लागतं, आणि विक्रेते ते उतरवू देत नाहीत, तिथे थोडा धीर धरावा.

आबूचा उल्लेख आला तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ही कंपनी १९२१ मध्ये स्वेंगस्टा गावात सुरू झाली ती घड्याळांसाठी. मग टॅक्सीचे मीटर केले आणि शेवटी रिळं. फ्रान्सचं प्रसिद्ध 'मिशेल ३००' ज्या क्लूझ गावात बनलं तो सगळा भाग घड्याळाच्या सुट्या भागांचा. अमेरिकेतलं दोरी भरभर गुंडाळणारं पहिलं गिअरचं रीळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीत जॉर्ज स्नायडर नावाच्या माणसाने केलं, तो चांदीकाम आणि घड्याळांची दुरुस्ती करणारा. रीळ आणि घड्याळ ही सख्खी भावंडं आहेत. तीच दातेरी चाकं, तीच स्प्रिंग, तोच खटका. म्हणून अडकलेलं रीळ मी कधीही सायकलवाल्याकडे किंवा पंपवाल्याकडे नेत नाही, जुन्या घड्याळजीकडे नेतो. चेन्नईत असे घड्याळजी अजून आहेत. त्यांच्याकडे स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा पेचकस असतो, आणि जुन्या रिळाची किंमत घसरते ती बहुतेक वेळा चुकीच्या पेचकसाने चावलेल्या स्क्रूंमुळेच.

आता ज्या खुणेवरून या प्रकरणाला नाव दिलं, ती. कारखान्याच्या शिक्क्याशिवाय काही रिळांवर दुसरा शिक्का असतो, तो विकणाऱ्या दुकानाचा. त्या काळी रेडिचसारख्या गावांत ऑलकॉक, यंग वगैरे कारखाने बिननावाची रिळं घाऊक बनवत, आणि दुकानदार त्यावर आपलं नाव ठोकून विकत. रेडिच हे मुळात शिवणाच्या सुयांचं गाव. सुईला वाक दिला की गळ होतो, तिथून तो धंदा वाढला. लंडनच्या फार्लो पेढीच्या रिळांवर पत्ताही असतो. '१९१, स्ट्रँड' हा जुना, '११, पँटन स्ट्रीट' हा नंतरचा. दुकानाने घर बदललं की शिक्का बदलला, आणि आपल्याला काळ सापडला. 'आर्मी अँड नेव्ही' असा शिक्का मुंबईकर वाचकांना जवळचा वाटेल. काळा घोड्याजवळची त्या नावाची इमारत सगळ्यांच्या पाहण्यातली आहे, आणि त्यांची मुंबईची शाखा १८९१ ची. मद्रासमध्ये माउंट रोडवर स्पेन्सर, ओक्स यांसारखी मोठी दुकानं होती. १८४९ पासूनचा वारसा सांगणाऱ्या पी. ऑर अँड सन्स या घड्याळवाल्यांचा शिक्का असलेल्या शिकारी बंदुका आजही लिलावात येतात.

माझं मत असं, की भारतात जमवणाऱ्याने या दुसऱ्या शिक्क्याला पहिल्यापेक्षा जास्त मान द्यावा. उत्तम हार्डी इंग्लंडमध्ये हजारो आहेत. मद्रास, मुंबई किंवा कलकत्त्याच्या दुकानाचं नाव असलेलं साधं रेडिचचं रीळ हे आपल्या शहराच्या व्यापाराचं कागदपत्र आहे. त्याला परदेशी बाजारात कमी भाव मिळतो, म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही. असा शिक्का सापडला की एग्मोरच्या कोनेमारा वाचनालयात जावं. १८९६ मध्ये सुरू झालेलं हे वाचनालय असल्या शोधासाठी सोन्याची खाण आहे. जुनी वर्तमानपत्रं आणि व्यापारी माहितीपुस्तकं बघितली की दुकान कोणत्या वर्षी कोणत्या पत्त्यावर होतं ते जुळवता येतं. एका शिक्क्यासाठी तीन दुपारी खर्च करण्याची तयारी हवी.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. आयातीवर निर्बंध आले, रीळ ही चैनीची वस्तू ठरली आणि दुकानांत मिळेनाशी झाली. तेव्हापासून ती आली ती माणसांच्या सामानातून. खलाशी, सिंगापूर-मलेशियाकडचे नातेवाईक, पुढे आखातात गेलेली मंडळी. बीच स्टेशनसमोरच्या बर्मा बाजारात परदेशी माल विकला जाई. ब्रह्मदेशातून परतलेल्या निर्वासितांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो बाजार उभा केला होता. त्यामुळे १९५० ते १९९० या काळातली रिळं साहेबाची नव्हेत, आपल्याच लोकांची. फिलाडेल्फियाच्या पेन कंपनीची काळी-तांबडी समुद्री रिळं, मिशेल ३००, जपानी ऑलिंपिक आणि दाइवा. यांना 'जुनं' म्हणायला काही जण नाक मुरडतात. मला ती चूक वाटते. चेन्नईजवळच्या कोवळमच्या किनाऱ्यावर कोडुवा, म्हणजे आपला जिताडा, धरणाऱ्या एखाद्या तमिळ गृहस्थाने चाळीस वर्षं तेल घालून सांभाळलेलं पेन रीळ मद्रासच्या इतिहासात कुठल्याही कलेक्टरच्या रिळाइतकंच मोलाचं आहे.

रिळाशिवाय पेटीत काय असतं? काठ्यांबद्दल एक अभिमानाची गोष्ट. बांबूच्या सहा चिपा चिकटवून केलेल्या ज्या काठ्यांना जगभर एवढा मान आहे, त्या अमेरिकेत सुरुवातीला 'कलकत्ता केन' नावाच्या हिंदुस्थानी बांबूच्या बनत. त्या बांबूवर भाजल्याचे काळसर डाग असत, आणि तेच डाग आज जुन्या काठीची खूण मानले जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. इथे हिंदुस्थानात मात्र महसीरसाठी आपल्या मानवेलीच्या जातीचा भरीव बांबू आणि हिमालयातला रिंगाळ वापरात राहिला. दोरी रेशमाची असेल आणि टोकाचा पारदर्शक धागा रेशीमकिड्याच्या तातीचा असेल तर पेटी नायलॉनच्या आधीची. नायलॉन १९३८ चं. ती तात सुकली की काडीसारखी मोडते, तेव्हा उलगडून बघायचा मोह आवरावा. गळांची पुडकी फेकू नयेत. नॉर्वेच्या मुस्ताद कंपनीचे आणि रेडिचचे गळ ज्या कागदात येत, त्या कागदावरचं चित्र आणि पत्ता गळापेक्षा जास्त सांगतो.

फसवणुकीविषयी थोडं. लंडनच्या जुन्या पेढ्यांची नावं कोरलेल्या पितळी दुर्बिणी आणि होकायंत्रं आपल्याकडे नव्याने बनतात आणि जुन्या म्हणून विकली जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. पितळी रीळ घेताना तीच सावधगिरी ठेवावी. खरं जुनं रीळ जिथे बोट लागतं तिथेच झिजलेलं असतं: मुठीच्या बुंध्याशी, पायाच्या दोन्ही टोकांना, दोरी घासते त्या आडव्या खांबावर. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल तर तो मुद्दाम चढवलेला. पाय घासून लहान केलेला असेल तर तो खोटेपणा नव्हे. मालकाने आपल्या काठीच्या खोबणीत बसावा म्हणून कानस मारलेली असते. किंमत कमी होते, पण वस्तू खरीच.

आणि मूठ. पिवळट पांढरी मूठ दिसली की विक्रेता हस्तिदंत म्हणतो. बहुतेक वेळा ते आयव्हरीन, म्हणजे सेल्युलॉइडची नक्कल असते. खऱ्या हस्तिदंताच्या कापलेल्या तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेघांची जाळी दिसते. ती दिसली तर वस्तू खाली ठेवावी, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे आणि जुनेपणाची सबब त्याला चालत नाही. त्याच वर्षीचा दुसरा कायदा पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. माहितीजालावर परदेशी गिऱ्हाईक चांगला भाव देतं म्हणून १९१० चं रीळ पोस्टात टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

साफसफाई करूच नये, असं मी नवशिक्यांना सांगतो. चिंच, लिंबू, ब्रासो यांपैकी काहीही नको. शिक्क्याची अक्षरं पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी आधीच उथळ झालेली असतात, एका पॉलिशमध्ये ती पुसली जातात आणि मग जगातला कुठलाच तज्ज्ञ मदत करू शकत नाही. चेन्नईचा खारा वारा ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि पितळेवर हिरवा थर आणतो. दात घासायच्या मऊ ब्रशने तो कोरडाच झाडावा, पातळ तेलाचा हात फिरवावा आणि रीळ सुती कापडात ठेवावं. चामड्याच्या जुन्या डब्यात ठेवू नये, ओलं चामडं धातू खातं. डबा जपावा, पण वेगळा.

राहिला कागद. पेटीच्या तळाशी पुष्कळदा एखादी वही असते: तारीख, जागा, पाण्याची स्थिती, माशाचं वजन. विक्रेता ती रद्दीत टाकतो, घेणाराही मागत नाही. मी एकदा पेटी घेतली आणि वही सोडली. त्याची हळहळ मला आजही आहे, कारण त्यानंतर काही वर्षांनी अशा वह्यांचं मोल काय असतं ते कावेरीवर दिसून आलं. कावेरीच्या खोऱ्यातला नारिंगी शेपटीचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर हा जगातला सर्वांत मोठा महसीर. २२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या प्रसिद्ध कुटुंबातल्या एकाने कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर गळाने धरला, तो आजही विक्रम मानला जातो. थॉमसच्या काळापासून गळवाले या माशाला ओळखत होते, तरी त्याची शास्त्रीय ओळख निश्चित नव्हती. तो कमी होत चालला आहे हे आकड्यांत सिद्ध झालं ते कावेरीकाठच्या गॅलिबोर छावणीतल्या गळवाल्यांनी १९९८ ते २०१२ या काळात रोजच्या रोज लिहिलेल्या नोंदींवरून. २०१८ मध्ये तो 'टोर रेमादेवी' असल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

तेव्हा जुनी पेटी घ्याल तर वही मागून घ्या. आणि वही नसेल तर रीळ पुसण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: कुठे मिळालं, कोणत्या तारखेला, विकणाऱ्याने ते कुठून आल्याचं सांगितलं.